मांजर निघून जाण्याआधी

मांजर घरात मरत नाही, वेळ आली की आपल्या पायांनी निघून जातं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बोदवडसारख्या गावात घरातलं मांजर म्हणजे बहुतेक वेळा पावसापाण्याचं ओसरीवर आलेलं, दुधाच्या वाटीने टिकलेलं आणि हळूहळू माजघरापर्यंत पोचलेलं भटकं जनावर. त्यामुळे हे म्हणणं फार सोयीचं पडतं. आलं तसं गेलं, आपण मध्ये कोण? पण आजारी किंवा म्हाताऱ्या मांजराचं हे निघून जाणं नीट पाहिलं, तर त्यात निरोप वगैरे काही नसतो. मांजर शिकार करतं आणि कुत्र्यांसारख्या मोठ्या जनावरांची शिकारही होतं. दुखलं तर दाखवायचं नाही, आडोसा गाठायचा, हा त्याचा जुना स्वभाव. अंगातली ताकद सरली की ते पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली, कडब्याच्या गंजीमागे, नाहीतर शेजारच्या पडक्या धाब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि मग त्याला तिथून उठता येत नाही. आपण म्हणतो गेलं. ते दोन घरांपलीकडे तहानेने, मुंग्या लागून, कधी कुत्र्यांच्या तावडीत सापडून मरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तापल्या पत्र्याखाली असं पडून राहणं काय असेल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं असं की, ज्या जनावराला आपण गल्लीतून आपल्या वाटीवर आणलं, त्याचं मरण त्याच्या एकट्यावर सोडता येत नाही. निरोपाची तजवीज आपणच, हातात वेळ असताना करायची असते, आणि तिच्यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त असतो.

त्यातली पहिली गोष्ट दाराची. मांजराचं खाणं कमी झालंय, अंग चाटून साफ करणं त्याने सोडलंय, पाठीचे मणके हाताला लागताहेत, नेहमीच्या फळीवर उडी मारायचं ते टाळतंय, असं दिसलं की त्याचं बाहेर जाणं बंद करा. ऊन न येणारी, माणसांची फारशी ये-जा नसलेली एखादी खोली त्याला द्या. जुनी सुती साडी घडी करून अंथरा, एखादं खोकं बाजूला कापून आडवं ठेवा म्हणजे त्याला हवा तो आडोसा मिळेल. शी-शूसाठी जुन्या परातीत दोन बोटं वाळू पुरते. उंच काठाचं टोपलं किंवा घमेलं नको, अशक्त मांजराला ते ओलांडता येत नाही. पाणी मातीच्या परळात, दोन जागी ठेवा. बोदवडला पाण्याची रड जुनी आहे, घरं साठवणीच्या पाण्यावर चालतात. पण मांजराला दिवसाकाठी लागतं ते लोटाभर पाणी, फक्त ते रोज ताजं हवं. यावर कोणी म्हणेल, जन्मभर उंडारलेल्या जीवाला शेवटी कोंडायचं हा जुलूम नाही का? धडधाकट मांजराच्या बाबतीत हा आक्षेप मी मान्य करीन. पण ज्याला धड चालता येत नाही ते मोकळीक शोधत नसतं, कोपरा शोधत असतं. तो कोपरा आपल्याला माहीत असलेला असावा, एवढंच आपण करतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याला उचलून अंगणात घेऊन बसायला कोणाची ना नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि घाईत नेमका तोच राहून जातो: हा खरोखर शेवट आहे का? आपल्या भागात मांजरं ज्या कारणांनी अचानक पडतात, त्यांतली बरीचशी वेळेवर इलाज झाला तर बरी होणारी आहेत. पावसाळ्यात कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की पंप, बादल्या, रिकामे डबे परसात येऊन पडतात. मांजराच्या तोंडाला फेस आलाय, अंग थरथरतंय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, असं दिसलं तर ते बहुधा ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाचं काम असतं. त्यावर ॲट्रोपिनचा उतारा आहे, आणि गुराढोरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो चांगला ठाऊक असतो. उंदरांच्या औषधांचंही तसंच. ब्रोमॅडिओलोनसारख्या, रक्त पातळ करणाऱ्या औषधावर व्हिटॅमिन के-१ चालतं. झिंक फॉस्फाइडवर मात्र उतारा नाही, तिथे फक्त आधाराचे उपचार करता येतात. म्हणून विषबाधेचा संशय आला की मांजराबरोबर तो डबा किंवा पुडीही दवाखान्यात न्यावी. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि काहीच होत नाही, हे दिसलं की घरात बद्धकोष्ठाचं निदान होऊन एरंडेल शोधलं जातं. खरं तर बहुतेकदा त्याची लघवी तुंबलेली असते. एक-दोन दिवसांत त्याने बोका दगावतो, आणि वेळेत नळी घालून मूत्राशय मोकळं केलं तर तोच बोका पुढे वर्षानुवर्षं जगू शकतो. आणखी एक समजूत इथे काढून टाकायला हवी. पोट बिघडलेल्या माणसाला लंघन मानवतं, मांजराला मानवत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि मूळ आजार राहतो बाजूला. म्हणजे ‘उपाशी ठेवून बघू, बरं झालं तर झालं’ हा उपाय नाहीच.

खरा शेवट ओळखण्याची पद्धत वेगळी. म्हाताऱ्या मांजरांना बहुतेक वेळा गाठतात ते मूत्रपिंडाचे जुने विकार, गाठी आणि कर्करोग, दात-हिरड्यांची दुखणी. मूत्रपिंडं निकामी होत चाललेलं मांजर भरपूर पाणी पितं, भरपूर मुततं आणि तरीही वाळत जातं. कातडीखाली सलाइन द्यायला डॉक्टरांकडून शिकून घेतलं तर त्याचे काही महिने बरे जाऊ शकतात. पण केव्हातरी उपचार आजाराला नाही, नुसत्या दिवसांना पुरे पडायला लागतात. ते कळायचं कसं? मांजर घुरघुरतंय म्हणजे सुखात आहे असं धरू नका. वेदनेतही मांजरं घुरघुरतात. चेहरा वाचायला शिका. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी बघतात. कान चपटे होऊन बाहेर वळलेत का, डोळे किलकिले झालेत का, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिश्या सैल सोडलेल्या आहेत की ताठ पुढे आल्यात, आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येक गोष्टीला शून्य ते दोन गुण. घरच्या माणसाने चार दिवस लक्ष देऊन पाहिलं तर त्यालाही हे जमतं.

वेदनेपलीकडचं मोजायला ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी २००४ च्या सुमारास सात बाबींची पट्टी दिली: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा बरे दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब. आकड्याला मी फार चिकटणार नाही, पण रोज नोंद करण्याला मात्र चिकटीन. घरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. त्यातल्या दिवसाच्या चौकटीत रात्री झोपताना एक खूण करा, बऱ्या दिवसाला टिंब आणि वाईट दिवसाला फुली. मांजराची काळजी घेणारं माणूस कालचं विसरतं आणि आजच्या दोन घासांवर आशा धरतं. महिन्याचं पान विसरत नाही. सलग फुल्या दिसायला लागल्या की घरातल्या वादाला काहीतरी आधार मिळतो. एरवी ‘आज जरा बरं वाटतंय त्याला’ या वाक्यावर वाद महिनाभर चालूच राहतो, हे नेहमीचं आहे.

या काळात करायच्या गोष्टींइतकीच एक न करायची गोष्ट महत्त्वाची आहे, आणि तिचं नाव पॅरासिटामॉल. क्रोसिन असो, डोलो असो, घरातली तापाची गोळी मांजराला कधीही, चतकोरसुद्धा देऊ नये. ते औषध पचवून बाहेर टाकायला यकृतात जी व्यवस्था लागते ती मांजरात पुरेशी नसते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि माणसाची पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी त्याचा जीव घ्यायला पुरते. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांचंही तेच. वेदना कमी करणारी, मांजराला चालणारी औषधं आहेत, पण त्यांचा डोस वजनावर, थेंबात ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

डॉक्टर आणायचे कुठून, हा बोदवडकरांचा रास्त सवाल. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचं रोजचं काम गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांचं. मांजर घेऊन कोणी आलं तर रांगेतले लोक हसतात हेही खरं. हसू द्यावं. तिथले पशुधन विकास अधिकारी पदवीधर पशुवैद्यक असतात आणि त्यांच्या शिक्षणात मांजरही असतं. रक्ताची तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी लागली तर जळगावचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे; जळगाव-भुसावळला कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखानेही आहेत. मात्र ही चौकशी मांजर शेवटच्या घटका मोजत असताना करू नका. आजार लक्षात येईल त्याच आठवड्यात फोन करून विचारून ठेवा: मांजर बघता का, गरज पडली तर घरी याल का, आणि दयामरण द्यायची वेळ आली तर आधी भुलीचं इंजेक्शन देता का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ किंवा ‘त्याची काय गरज’ असं आलं तर दुसरे डॉक्टर शोधा. गावात ‘डॉक्टर’ म्हणून वावरणारे सगळेच पशुवैद्यक नसतात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचं आहे, इंजेक्शन टोचता येणाऱ्या कोणाचंही नाही. नेताना मांजराला पोत्यात घालू नका. भोकं पाडलेलं खोकं किंवा झाकणाची टोपली, आत त्याच्या वासाचं फडकं, आणि वेळ सकाळची.

आता दयामरणाचा प्रश्न, ज्यावर घराघरात अडतं. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं, आणि ते नुसतं हसून टाळण्यासारखं नाही. त्या समजुतीने आजवर किती मांजरं दगडांपासून वाचली असतील. शिवाय बोदवड-मुक्ताईनगरचा हा पट्टा वारकऱ्यांचा, गावात जैन कुटुंबं. मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणणाऱ्या घरात सुई टोचून जीव घ्यायचा, हे पटणं अवघडच. या वादाची आपल्या देशातली सगळ्यात गाजलेली फेरी १९२८ मध्ये साबरमती आश्रमात झाली. आश्रमातलं एक वासरू जबर जायबंदी होऊन तडफडत होतं, कूस बदलवणंही त्याला सोसत नव्हतं, आणि उपचाराची आशा उरली नव्हती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली, विरोध ऐकून घेतला, आणि शेवटी डॉक्टरांना बोलावून इंजेक्शनने त्या वासराला मरण दिलं. ते त्यांनी लपवलं नाही, ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त लिहिलं, आणि त्यांच्यावर संतापलेल्या पत्रांचा भडिमार झाला. ज्यांच्या आग्रहाने काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला भरलं, त्यांनाच अहिंसेवरून बोल लावले गेले. गांधी म्हणाले म्हणून ते बरोबर, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याच लेखात त्यांनी केलेला एक फरक मात्र आपल्या उपयोगाचा आहे. आश्रमात पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचाही प्रश्न होता. माकडांना मारणं हे आपल्या फायद्यासाठी असेल, वासराला मरण दिलं ते त्याच्या स्वतःच्या यातना संपवण्यासाठी, हे दोन प्रश्न एका मापाने मोजता येत नाहीत, असं त्यांनी मांडलं.

हेच माप घरातल्या मांजराला लावा. त्याच्या मरणाने कोणाचा त्रास संपणार आहे? बिछान्यात मुततं म्हणून, सणाला पाहुणे यायचेत म्हणून, परगावी जायचंय म्हणून डॉक्टरांना बोलवायचं असेल, तर तो आपला त्रास झाला आणि आजीचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. वाळूची परात दिवसातून तीनदा बदलून तो त्रास सोसायचा असतो. पण श्वास तोंडाने चाललाय, पाणी पोटात टिकत नाही, औषधाने दुखणं हटत नाही आणि डॉक्टर म्हणताहेत की पुढे आता फक्त हेच वाढत जाणार, तेव्हा पाप न लागावं म्हणून त्याला तसंच ठेवणं म्हणजे आपल्या मनाच्या सोयीसाठी त्याला राबवणं झालं. ‘पण त्याने कुठे मागितलंय मरण?’ हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. मांजराची संमती घेता येत नाही, खरंच. पण त्याने सलाइनही मागितलेलं नसतं, नसबंदीही मागितलेली नसते. त्याच्या वतीने ठरवायचं काम आपण पहिल्या वाटीबरोबरच पत्करलेलं असतं, त्यामुळे शेवटचा एकच निर्णय निसर्गावर टाकून बाजूला होता येत नाही. कायद्याची भीती असेल तर तीही नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमात हेच तत्त्व आहे की काही अवस्थांत जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरते. उलट त्याच कायद्याचं अकरावं कलम उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं गुन्हा ठरवतं. म्हणजे म्हातारं मांजर पिशवीत घालून बाजार समितीच्या आवारात सोडून येणं, जे आपल्याकडे सहज केलं जातं, ते बेकायदा आहे. घरी विष घालणं, पाण्यात बुडवणं हे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालीही येतं.

आणि एवढं सगळं वाचूनही ज्यांना इंजेक्शन पटत नाही, त्यांनी ते करू नये. मात्र ‘नैसर्गिक मरण’ म्हणजे काही न करणं, असा अर्थ त्यांनी काढू नये. वेदनाशामक चालू ठेवणं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, ओल्या फडक्याने तोंड पुसणं, माश्या बसू न देणं, शी-शू लागलेलं अंग कोमट पाण्याने साफ करणं, रात्री कोणीतरी जागं असणं, हे सगळं त्या मार्गात येतं. तो मार्ग जास्त कष्टाचा आहे.

दयामरण ठरलं तर त्या दिवशी काय होतं ते आधीच माहीत असलेलं बरं. सुरुवातीला भुलीचं इंजेक्शन स्नायूत देतात. पाच-दहा मिनिटांत मांजर गुंगीत जातं, कधी त्याआधी ओकतं. मग शिरेतून थायोपेंटोनसारखं गुंगीचं औषध नेहमीच्या प्रमाणाच्या कितीतरी पट दिलं जातं आणि हृदय थांबतं. शुद्धीवर असलेल्या मांजराला थेट मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड टोचणं चुकीचं आहे, त्यात त्याचा जीव तळमळतो. भूल आधी, हे पुन्हा विचारून घ्या. डोळे उघडेच राहतात, लघवी होते, हृदय थांबल्यावरही एखादा मोठा आचका येऊ शकतो, तो शरीराचा असतो, मांजराला त्याची जाणीव नसते. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून सांगेपर्यंत थांबा. तीन-चार तासांत अंग ताठरतं, म्हणून त्याला आधीच झोपतं तसं मुटकुळं करून ठेवावं. एक सावधगिरी महत्त्वाची आहे. आजारपणात त्याने कोणाला चावलं-ओरबाडलं असेल, तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा आणि पशुवैद्यकांना चाव्याबद्दल आधी सांगा. मांजर प्रेमाचं होतं म्हणून हे टाळू नये.

भटकं म्हणून आलेलं मांजर क्वचितच एका घराचं असतं. आपल्याकडे ते मनी असतं, समोरच्या काकूंकडे सोनी, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्याची वेगळीच हाक. निर्णय ज्याने औषधपाणी केलं त्याने घ्यावा, त्यात गल्लीची पंचायत नको. पण आदल्या दिवशी बाकीच्यांना निरोप धाडावा. ज्या म्हाताऱ्या बाईच्या पायाशी ते दुपारभर पडून असायचं, तिला चार दिवसांनी ‘अगं, ते गेलं’ म्हणून कळवणं बरं नाही. लहान मुलांना खरं सांगा. ‘झोपलंय’ म्हटलं तर काही मुलांना झोपेचीच धास्ती बसते, ‘मामाच्या गावाला गेलं’ म्हटलं तर ती वाट पाहतात. ते मेलं, त्याला आता दुखत नाही, ते परत येणार नाही, या तीन वाक्यांत सहा-सात वर्षांच्या मुलाला पुरेसं कळतं. आपणच इंजेक्शन द्यायला सांगितलं हेही त्याने विचारलं तर नाकारू नका.

पुरण्याचं काम घाईने होतं आणि म्हणून बिघडतं. उन्हाळ्यात मृतदेह काही तासांपलीकडे घरात ठेवता येत नाही, तेव्हा जागा आधी ठरवा: स्वतःचं परस, शेताचा बांध, विहीर-बोअर आणि नाल्यापासून लांब. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची ढेकळं दगडासारखी होतात. दोन टोपली माती काढून उथळ खड्डा केला की भेगांतून वास वर येतो आणि रात्री कुत्री उकरतात. निदान तीन फूट, जमलं तर चार फूट खोल जावं. प्लास्टिकची पिशवी नको, सुती कापड पुरे. मीठ-चुना घातला नाही तरी चालतं, खोली महत्त्वाची. माती दाबून वर चार मोठे दगड आणि बाभळीच्या काट्या टाकल्या की काम झालं. दयामरण दिलेल्या मांजराच्या बाबतीत ही खोली आणखी गरजेची आहे, कारण औषध मृतदेहात राहतं आणि ते खाणारं कुत्रं, घार, कावळा त्याने दगावू शकतो. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकलेलं मांजर लहान प्रमाणात तेच करतं. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसची दाहिनी सुरू केली. आपल्याकडे तशी सोय होईल तेव्हा होईल, तोवर फावडं आणि कुदळ.

एवढं सगळं मांजरासाठी? माणसांना धड उपचार मिळत नाहीत तिथे? हा प्रश्न विचारणाऱ्याला राग येऊ नये म्हणून सांगतो, इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, लक्ष लागतं, आणि मांजराकडे लक्ष दिल्याने माणसाच्या वाट्याचं कमी होतं असं कोणी दाखवलेलं नाही. दुःखाचंही तसंच. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, हातभर अंतरावर, मुद्दाम पुरलेलं मांजर सापडलं. २००४ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध झाला. ही माया शहरी चोचले नव्हेत. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखांबद्दल लिहिलं, ज्यांना समाज दुःख मानत नाही, त्यामुळे त्यांना सुतकही नसतं आणि भेटायला येणारेही नसतात. असं दुःख लांबतं, ते याच कारणाने. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत शेजाऱ्यांनी पहिले पंधरा दिवस चहाच्या निमित्ताने डोकावावं. जेवणाची वेळ मांजरामुळे पाळली जात असेल तर आता ती चुकायला लागते, तिकडे खास लक्ष असू द्यावं. ‘आपण घाई केली का’ हा सल सगळ्यांनाच लागतो. तो लागला की कालनिर्णयाचं ते पान काढून बघा.

राहिला प्रश्न दुसऱ्या मांजराचा. गेलेल्याची जागा भरायला लगेच पिलू आणू नये असं काहीजण सांगतात, काहीजण त्याच संध्याकाळी आणून देतात. मला यात नियम दिसत नाही, एक अपवाद सोडून. मांजर ताप, ओकाऱ्या, रक्ताची हगवण होऊन दोन-चार दिवसांत गेलं असेल, तर तो पॅनल्यूकोपेनिया असू शकतो, ज्याला मांजरांचा पार्वो म्हणतात. त्याचे विषाणू घरात वर्षभर तग धरतात आणि फिनाइलने मरत नाहीत. अंथरूण जाळून टाका, परळ आणि परात बदला, फरशी साबणाने धुऊन मग एक भाग घरगुती ब्लीचला बत्तीस भाग पाणी या मापाच्या द्रावणाने दहा मिनिटं ओली ठेवून पुसा. त्या वेळी घरातली दुसरी मांजरं खोलीबाहेर हवीत. अशा घरात बिनलसीचं पिलू आणू नका. पावसाळ्यात कोणीतरी ओसरीवर येऊन बसेलच, त्याला हाकलायची गरज नाही, पण आत घेण्याआधी आठव्या आठवड्यानंतरची, पॅनल्यूकोपेनियासह तीन रोगांवरची एकत्रित लस, तिचा तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस, मग रेबीजची लस, आणि सहा महिन्यांच्या आत नसबंदी, एवढं त्याच दवाखान्यात ठरवून घ्या जिथे पहिल्या मांजराची वही आधीच उघडलेली आहे.